कोचीला अर्धा दिवस पुरत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की आपल्या दैनिकात आणि इतरत्रही केरळच्या सहलींच्या जाहिराती व त्यांच्या जोडीला प्रवासवर्णनपर लेख येऊ लागतात. मुन्नारला दोन रात्री, ठेक्कडीला एक, आलप्पुळ्याच्या हाउसबोटीत एक, असा त्यांतला कार्यक्रम वर्षानुवर्षे ठरून गेलेला आहे. कोचीच्या वाट्याला येण्याच्या किंवा परतीच्या दिवशीचे तीन-चार तास तेवढे येतात. मासेमारीच्या चिनी जाळ्यांपुढे छायाचित्र, एका चर्चमधून फेरफटका, मसाल्यांच्या दुकानात सक्तीचा थांबा आणि मग बस थेट विमानतळाकडे. मध्यमवर्गीय कुटुंबाला या सहलीसाठी बरीच पुंजी मोडावी लागते आणि तरीही ज्या शहराने पश्चिम किनाऱ्याचा सहा-सात शतकांचा इतिहास घडताना पाहिला, ते शहर त्याला दिसतच नाही. कोची स्वतंत्रपणे, दोन-तीन दिवस काढून आणि बेताच्या खर्चात पाहता येते, किंबहुना अशा रीतीनेच ते नीट पाहता येते, हे आपल्या वाचकांपुढे मांडावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोची मुळात पाण्यावर विखुरलेले शहर आहे. एर्नाकुलम मुख्य भूमीवर, फोर्ट कोची आणि मट्टनचेरी समोरच्या भूशिरावर, उत्तरेला वैपिन बेट आणि मधल्या खाडीत विलिंग्डन, बोळगट्टी, वल्लारपाडम अशी बेटे. परंपरा असे सांगते की 1341 च्या महापुरात पेरियार नदीने आपले मुख बदलले, त्यात मुझिरिसचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीचे मुख रुंद होऊन येथे नवे बंदर उभे राहिले. पुरामुळे नेमके काय घडले यावर अभ्यासकांचा वाद चालू राहील, पण शहराची रचना पाण्याने ठरवली हे नकाशावर एक नजर टाकली तरी पटते. म्हणूनच येथील खरा रस्ता बोटीचा आहे आणि तो रस्ता अजूनही सामान्य माणसाच्या खिशाला परवडतो. एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेटीवरून केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी फोर्ट कोचीला, वैपिनला आणि थोड्या फेऱ्यांनी मट्टनचेरीला जातात. त्यांचे तिकीट अगदी किरकोळ असते आणि त्या बोटींत नोकरदार, विद्यार्थी, मासळीच्या टोपल्या सांभाळणाऱ्या स्त्रिया असे सगळे असतात. 25 एप्रिल 2023 रोजी सुरू झालेल्या जलमेट्रोच्या वातानुकूलित बोटी विजेवर चालतात, त्या कोचीच्याच गोदीत बांधलेल्या आहेत, आणि सुरुवातीला त्यांचे भाडे 20 ते 40 रुपयांच्या दरम्यान ठेवण्यात आले होते. उच्च न्यायालयाजवळच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीपर्यंत जलमेट्रोने आता थेट जाता येते.

पर्यटकांसाठी खास म्हणून ज्या खासगी बोटी शेकडो रुपये घेऊन खाडीत फिरवून आणतात, त्यांतून जे दिसते तेच या प्रवासी बोटींच्या खिडकीतूनही दिसते. एका बाजूला वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्यावरच्या याऱ्या आणि बोळगट्टी बेट, जेथे डचांनी 1744 मध्ये बांधलेला वाडा आहे. दुसऱ्या बाजूला विलिंग्डन बेट, जे खरे तर माणसाने घडवलेले आहे. 1920 नंतर रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदराच्या मुखाशी असलेला वाळूचा बांध फोडून खाडी खोल करण्यात आली आणि उपसलेल्या गाळातून हे बेट वाढवण्यात आले. त्याआधी मोठ्या जहाजांना बाहेर समुद्रातच नांगर टाकावा लागे आणि माल पडावांतून आत आणावा लागे. ज्या गोदीत जलमेट्रोच्या बोटी तयार झाल्या, तिथेच बांधलेली विमानवाहू नौका 'विक्रांत' 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली. इतक्या थोडक्या खर्चात इतके सारे डोळ्यांखालून जात असताना निराळ्या सफरीसाठी पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

महाराष्ट्रातून कोचीला जाण्यासाठी विमानाची गरज नाही. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस आणि निजामुद्दीनहून येऊन कल्याण, पनवेल, रत्नागिरीमार्गे जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस या दोन्ही गाड्या एर्नाकुलमला पोहोचवतात. साधारण एक दिवस आणि एक रात्र असा हा प्रवास आहे आणि स्लीपरचे भाडे हजार रुपयांच्या आत बसते. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आहे. त्यामुळे दिवाळी किंवा नाताळचा बेत असेल तर दोन महिने आधीचा दिवस दिनदर्शिकेत खूण करून ठेवावा लागतो, एवढीच काय ती दगदग. ज्यांना विमानानेच जायचे आहे त्यांनीही नेडुंबश्शेरीच्या विमानतळावरून टॅक्सी करण्याऐवजी आलुव्यापर्यंत बस आणि पुढे मेट्रो असा मार्ग धरला, तर वाचणाऱ्या पैशांत एका दिवसाचे जेवण सहज निघते.

राहण्याबाबत मात्र माझे मत प्रचलित सल्ल्याहून वेगळे आहे. एर्नाकुलमच्या रेल्वेस्थानकाभोवती साधी आणि स्वस्त लॉजे भरपूर आहेत आणि काटकसरीचा सल्ला देणारे बहुतेक जण तीच सुचवतात. पण फोर्ट कोचीची सकाळ आणि रात्र पाहायची असेल, तर निदान एक मुक्काम पलीकडे करावाच. सहलींच्या बसगाड्या दहाच्या सुमारास येतात आणि संध्याकाळी परततात. त्याआधीचे आणि नंतरचे तास हे त्या जुन्या गल्ल्यांचे खरे तास आहेत. तिथे घरगुती निवास, म्हणजे होमस्टे, मोठ्या संख्येने आहेत. केरळचा पर्यटन विभाग त्यांचे डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर असे वर्गीकरण करतो. सिल्व्हर वर्गातल्या घरातही स्वच्छ खोली आणि सकाळचा नाश्ता मिळतो, आणि घरमालकिणीला विचारले तर जवळची चांगली खानावळ कोणती हेही कळते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळलेला बरा. त्या काळात कोचीचा कार्निव्हल असतो, 31 डिसेंबरच्या रात्री समुद्रकिनाऱ्यावर सरत्या वर्षाचे प्रतीक असलेल्या 'पप्पांजी'चा प्रचंड पुतळा जाळला जातो, गर्दी अफाट होते आणि खोल्यांचे दर त्याच प्रमाणात चढतात. ज्या हिवाळ्यात कोची-मुझिरिस बिनाले भरते त्या हिवाळ्यातही खोल्यांना मोठी मागणी असते. 2012 मध्ये सुरू झालेले हे कलाप्रदर्शन जुन्या वखारींमध्ये मांडले जाते आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे देणे मला गैर वाटत नाही. कार्निव्हलसाठी मात्र मी ते देणार नाही. जून ते सप्टेंबर हा पावसाळा बहुतेक प्रवासी वर्ज्य मानतात. कोकणातल्या पावसाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना त्याचे भय असू नये, आणि त्या महिन्यांत निवासाचे दर बरेच उतरलेले असतात.

आता पाहायचे काय, याविषयी. जाहिरातींत ज्याला 'स्थलदर्शन' म्हणतात त्यातले बरेचसे कोचीत फुकट किंवा नाममात्र शुल्कात असते. सेंट फ्रान्सिस चर्च ही वास्तू पोर्तुगीजांनी 1503 मध्ये प्रथम लाकडात उभारली आणि काही वर्षांतच दगडविटांनी पुन्हा बांधली. 24 डिसेंबर 1524 रोजी कोचीतच मरण पावलेल्या वास्को द गामाला याच चर्चमध्ये पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले, पण थडग्याची जागा अजून दाखवली जाते. 1663 मध्ये डचांनी कोची जिंकली तेव्हा त्यांनी इतर बहुतेक कॅथलिक चर्चे पाडली आणि हे एक आपल्या प्रोटेस्टंट उपासनेसाठी ठेवले. त्यानंतर इंग्रज आले आणि आता ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. एकाच छपराखाली तीन सत्ता आणि दोन पंथ येऊन गेल्याचे सांगणारी पोर्तुगीज आणि डच थडग्यांचे शिलालेख भिंतींवर लावलेले आहेत, आणि छताला टांगलेले कापडी पंखे बाहेरून दोरीने ओढण्याची जुनी सोयही कायम आहे. गटाच्या मार्गदर्शकाने दिलेल्या पंधरा मिनिटांत हे सारे वाचून होत नाही. स्वतःच्या वेळेने गेलेल्या माणसाला तासभरही कमी पडतो, आणि तो तास फुकटचा असतो.

फोर्ट कोचीहून मट्टनचेरीला जाणारा बाजार रस्ता हा तर माझ्या मते कोचीचा गाभा आहे, आणि तो कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमात नाही. दोन-तीन किलोमीटरचा हा रस्ता खाडीला समांतर जातो. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी आहेत. खाडीकडच्या वखारींच्या मागच्या बाजूला थेट पाण्यावर उघडणारे धक्के आहेत, कारण मिरी, सुंठ, वेलदोडे यांची पोती पूर्वी पडावांतूनच चढत-उतरत. काही वखारींत आजही सुंठ वाळत घातलेली आणि पोती शिवणारे हात चालू असलेले दिसतात. रिक्षावाले या अंतरासाठी अगदी थोडक्या भाड्यात 'सगळे दाखवून आणतो' म्हणतात. ती स्वस्ताई अशी की वाटेत प्रत्येक मोठ्या भेटवस्तूंच्या दुकानापुढे रिक्षा थांबते आणि दुकानदाराकडून मिळणाऱ्या दलालीत भाड्याची तूट भरून निघते. पायी चालावे हे उत्तम.

या रस्त्याच्या शेवटी दोन वास्तू आहेत आणि दोन्हींसाठी वाराचे भान ठेवावे लागते. मट्टनचेरी राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून 1555 च्या सुमारास कोचीच्या राजाला नजर केला आणि डचांनी त्याची दुरुस्ती केल्यामुळे त्याला 'डच पॅलेस' हे नाव पडले. आतल्या भिंतींवरची रामायणाची चित्रे केरळच्या भित्तिचित्रकलेतली अव्वल मानली जातात. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. जवळच 1568 मध्ये उभे राहिलेले 'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. त्याच्या जमिनीवर चीनमधून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत आणि शेजारी अठराव्या शतकातला घड्याळ-मनोरा. ज्यूंचा साप्ताहिक पवित्र दिवस शुक्रवारी संध्याकाळपासून लागतो, त्यामुळे शुक्रवार-शनिवारी तिथे जाऊ नये, तसेच त्यांच्या सणांनाही. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाला सहल कंपनीने नेमके शुक्रवारी तिथे नेऊन दोन्ही बंद दारे दाखवली आणि उरलेला वेळ दुकानात घालवायला लावला. कार्यक्रम आखणाऱ्याने साप्ताहिक सुट्टी पाहू नये याला काय म्हणावे! स्वतः बेत आखणाऱ्याने रविवार ते गुरुवार यांतले दिवस मट्टनचेरीसाठी राखावेत, इतके साधे हे प्रकरण आहे.

मराठी वाचकाला कोची जवळची वाटावी अशी आणखी कारणे आहेत, आणि पर्यटनाच्या लेखांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी ती नोंदवतो. कोकणातल्या अलिबाग, रेवदंडा परिसरातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणून ओळखत असू, धार्मिक विधी शिकवण्यासाठी कोचीचे ज्यू शिक्षक येत असत. दुसरे असे की गोव्यातल्या पोर्तुगीज जाचामुळे सोळाव्या शतकात अनेक गौड सारस्वत कुटुंबे दक्षिणेकडे सरकली आणि मट्टनचेरीच्या चेरळाई भागात वसली. तिथले तिरुमल देवस्वम मंदिर आणि त्याभोवतीची वस्ती पाहताना कानावर कोकणी पडते. याच समाजातल्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या वैद्यांनी डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पतींचे ज्ञान पुरवले. त्या माहितीचा लॅटिन ग्रंथ बारा खंडांत अॅमस्टरडॅमला छापला गेला आणि 1678 च्या पहिल्या खंडात या तिघांचे कोकणीतले, नागरी लिपीतले निवेदन छापलेले आहे. त्यांच्यासोबत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचेही निवेदन त्यात आहे. ज्या गल्लीतून ही माणसे वावरली ती गल्ली पाहायला तिकीट नाही, आणि ती दाखवणारी सहलही नाही.

जेवणाचा प्रश्न कोचीत सर्वांत सोपा आहे. दुपारी 'मील्स' किंवा 'ऊण' अशी पाटी असलेल्या खानावळीत उकडा लाल भात, सांबार, भाज्या, ताक असे पोटभर जेवण मिळते आणि भात पुन्हा वाढला जातो. मासे हवे असतील तर तळलेला तुकडा वेगळ्या पैशात घ्यावा. सकाळी पुट्टू-कडला किंवा अप्पम-स्ट्यू. कुटुंबश्री या महिला बचतगटांच्या चळवळीतून 2020 पासून निघालेली 'जनकीय' भोजनालये आणखी स्वस्त आहेत. चिनी जाळ्यांशेजारी मासळी विकत घेऊन समोरच्या टपरीत शिजवून घेण्याची जी प्रसिद्ध पद्धत आहे, ती स्वस्त असल्याचा समज आहे, पण मासळीचा भाव आणि शिजवण्याचे पैसे दोन्ही आधी ठरवले नाहीत तर बिल उपाहारगृहापेक्षा अधिक होते. जाळी ओढून पाहण्याचे आमंत्रण कोळी आपुलकीने देतात आणि नंतर बक्षिसीची अपेक्षा ठेवतात. दगडांच्या भाराने तोललेल्या त्या जाळ्यांत हल्ली मासे फारसे सापडत नाहीत, आणि चार-सहा माणसांच्या श्रमावर चालणारे हे यंत्र प्रवाशांच्या दहा-वीस रुपयांवर काही अंशी टिकून आहे, हे ध्यानात घेतले तर ती बक्षिसी खर्चातून कापू नये असे मी म्हणेन. ज्यांना नुसती जाळी पाहायची आहेत त्यांनी संध्याकाळी वाहने नेणाऱ्या रो-रो फेरीने काही मिनिटांत वैपिनला जावे. तिथल्या काठावरून दोन्ही बाजूंची जाळी मोकळेपणाने दिसतात आणि गर्दी कमी असते.

उरलेल्या दिवसासाठी दोन पर्याय सुचवतो. मेट्रो मार्च 2024 पासून तृप्पूणितुरापर्यंत जाते. तिथला हिल पॅलेस हा कोचीच्या राजघराण्याचा वाडा आता पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि सोमवारी बंद असतो. दुसरा पर्याय हाउसबोटीचा मोह असणाऱ्यांसाठी. एर्नाकुलमहून रेल्वेने तास-दीड तासात आलप्पुळा गाठावे आणि तिथून कोट्टयमला जाणारी सरकारी प्रवासी बोट धरावी. अडीच-तीन तास त्याच कालव्यांतून, त्याच भातखाचरांच्या कडेने ही बोट जाते. वाटेत शाळकरी मुले आणि किराणा घेऊन परतणारी माणसे चढत-उतरत राहतात. हाउसबोटीच्या एका रात्रीच्या भाड्याशी या तिकिटाची तुलना करण्यातही अर्थ नाही.

आपल्या पुरवणीत सहलींच्या जाहिराती जरूर छापाव्यात, तो व्यवसायाचा भाग आहे. मात्र त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे जाणाऱ्या वाचकासाठी एक चौकट द्यावी, अशी विनंती आहे. तीत गाड्या, आरक्षणाची मुदत, बोटींचे धक्के, संग्रहालयांचे सुट्टीचे वार आणि घरगुती निवासाचे वर्गीकरण यावे. एर्नाकुलमच्या जेटीवर मट्टनचेरी आणि फोर्ट कोची यांच्या बोटी वेगळ्या असतात, चढण्यापूर्वी विचारून घ्यावे, ही एक ओळही त्यात असावी. आणि जूनपासून कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक लागू होते तेव्हा एर्नाकुलमहून परतणारी मंगला लक्षद्वीप नेहमीपेक्षा काही तास आधी सुटते, हे ठळक अक्षरांत छापावे. पावसाळ्यातल्या स्वस्त दरांना भुलून गेलेल्या वाचकांची गाडी चुकू नये, म्हणून ही माहिती मे महिन्याच्या अखेरच्या अंकातच आली तर अधिक बरे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक